काटा आळसावला तेव्हा

माझे सासरे रस्त्याकडे कमी आणि आरपीएम मीटरकडे जास्त बघून मोटरसायकल चालवायचे. इंजिन किती जोरात फिरतंय ते दाखवणारं ते गोल मीटर त्यांच्या जुन्या गाडीच्या हँडलपाशी होतं आणि त्याच्या काचेवर त्यांनी माझ्याकडून नेलपॉलिशचा एक लाल ठिपका काढून घेतला होता. काटा ठिपक्याला टेकला की गिअर बदलायचा. त्याच्या पुढे रेस करणं म्हणजे इंजिनाचा छळ. आयुष्यभर कारखान्यात फिटर होते, त्यामुळे माणसांपेक्षा यंत्रांची दया त्यांना लवकर यायची.

या दयेचा जाच मागे बसणाऱ्या सासूबाईंना. हेंद्रेपाड्यातून बाजाराकडे जाताना ओळखीची बाई दिसली, तर गाडी न थांबवता त्यांचं सगळं बोलणं उरकायचं. मुलीचं कसं ठरलं, गुडघ्याचं काय झालं, सगळं. बाजारातून परतल्या की त्या पिशवी ओट्यावर ठेवून म्हणायच्या, चालत गेले असते तर आतापर्यंत कुकर लागला असता.

मग एका हिवाळ्यात काटा आळसावला. इंजिन रेस केलं तरी तो जागचा हलायचा नाही, आणि मग झोपेतून उठल्यासारखा हळूहळू वर सरकायचा. बाबांचा नियम मात्र पक्का होता. काटा ठिपक्याला टेकेपर्यंत गिअर बदलायचा नाही. तो टेकेपर्यंत इंजिन बिचारं ओरडत असायचं आणि गाडी केव्हाच पुढे गेलेली असायची. बाबा आयुष्यात प्रथमच सुसाट सुटले होते, आणि त्यांना वाटत होतं की आपण नेहमीसारखेच चाललोय.

आवाज त्यांना ऐकू येत होता, पण त्यांनी निदान वेगळं केलं. इंजिन म्हातारं झालं, जोर लावतंय पण फिरत नाही, असं ते जेवताना खिन्नपणे सांगायचे. त्यांनी प्लग साफ केला, कार्बोरेटर खोलून धुतला. काटा तसाच. मग उल्हासनगरला जाऊन मीटरची नवी केबल आणली. दुकानदाराने अंकल अंकल करत चहा पाजला होता, त्यामुळे केबल चांगलीच असणार याची त्यांना खात्री होती. ती घातली तरी काटा तसाच. आता इंजिनच खोलायचं, असं म्हणून ते दुपारी तोंडावर टॉवेल घेऊन झोपले.

मी तेव्हा अंबरनाथच्या एका कंपनीत मापाची साधनं तपासायचं काम करत होते. दिवसभर काटेच बघायचे आणि त्यातला कोणता खोटं बोलतोय ते शोधायचं. त्यामुळे मला इंजिनाआधी मीटरचा संशय आला होता. सुट्टीचा दिवस होता. बाबांचा पाना घेऊन मी अंगणात गेले, केबलीचं वरचं टोक मीटरपासून सोडवलं आणि गाडी चालू केली. केबलीच्या आतली तार छान गरगर फिरत होती. म्हणजे इंजिन ठीक होतं आणि केबलही ठीक होती. मग मीटरच्या मागे, जिथे ती तार बसते, त्या भोकात काडी घातली. काडी बाहेर आली ती मधात बुडवल्यासारखी. दसऱ्याला बाबांनी केबलीत वरपर्यंत ठासून ग्रीस भरलं होतं. ते चढत चढत मीटरमध्ये गेलं होतं आणि थंडीने घट्ट झालं होतं. काटा बिचारा चिखलातून चालत होता.

सासूबाई तांदूळ निवडायचं सोडून माझ्याशेजारी येऊन बसल्या होत्या. मी त्यांना सगळं समजावलं. त्यांनी नीट ऐकलं आणि काडीकडे बघत विचारलं, "म्हणजे हे पुसलंस की गाडी पुन्हा आधीसारखी?"

"हो, आई. आधीसारखी."

त्यांनी आत टॉवेलखाली घोरणाऱ्या नवऱ्याकडे एकदा बघितलं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "रविवारी अंबरनाथला जायचंय आपल्याला. तेवढं होऊ दे, मग पूस."

गेले कित्येक दिवस बाजारातून येताना त्यांचे केस का विस्कटलेले असायचे आणि चेहरा का फुललेला असायचा, ते मला तेव्हा कळलं. मी केबल होती तशी लावून टाकली आणि पाना जागच्या जागी ठेवला.

रविवारी नणंदेकडे जेवायला निघालो. नणंद अंबरनाथ पूर्वेला राहायची. पुढे बाबांची मोटरसायकल आणि मागे आमची बिनगिअरची स्कूटर. नवरा चालवत होता, मी मागे बसून हसू दाबत होते. मोकळा रस्ता लागला आणि मोटरसायकल अशी काही ओरडत सुटली की नवरा म्हणाला, "बाबांना झालंय काय?" मी म्हटलं, भूक लागली असेल. सासूबाईंनी पदर कमरेला खोचला होता आणि एका हाताने सीटचा पट्टा धरला होता. बाबांनी एका टेम्पोला मागे टाकलं, एका रिक्षाला टाकलं, आणि रिक्षावाल्याकडे वळून सासूबाईंनी हात हलवला. मग वळणावर दोघं दिसेनासे झाले. मी मनात म्हटलं, काही झालं तर नवऱ्याला काय सांगणार, आईंना वारा हवा होता?

पोचलो तेव्हा दोघं निम्मा चहा पिऊन बसले होते. बाबा म्हणाले, इंजिन आता फार दिवसांचा सोबती नाही. सासूबाई म्हणाल्या, आज तर रस्ताही लहान वाटला बाई.

सोमवारी कंपनीतून आल्यावर मी मीटर उतरवलं, आतलं ग्रीस रॉकेलच्या बोळ्याने पुसून काढलं, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडला आणि परत बसवलं. बाबांनी गाडी चालू करून रेस केली. काटा टुणकन उडाला. इंजिन तरुण आहे हे कळल्यावर त्यांनी टाकीवरून असा हात फिरवला की मलाच लाजल्यासारखं झालं. मीटरमध्ये एवढं ग्रीस भरलं कुणी, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, काय माहीत. आत स्वयंपाकघरात सासूबाईंना खोकला लागला.

त्यानंतर आठवडाभर सासूबाई बाजारात गेल्या नाहीत. मग एका सकाळी माझ्याजवळ येऊन म्हणाल्या की स्कूटर शिकव. मला वाटलं थट्टा करतायत, पण त्या चपलेऐवजी माझे बूट घालून उभ्या होत्या. मांजर्लीकडे नदीजवळ एक मोकळं मैदान होतं, तिथे आम्ही जाऊ लागलो. दोनदा पडल्या. एकदा बाभळीच्या झुडपात गेल्या आणि काटे काढत असतानाच पुढचा फेरा कधी मारायचा ते विचारू लागल्या. बाबांना आम्ही एवढंच सांगितलं होतं की चालायला जातो.

पुढे रीतसर लायसन्स निघालं, तेव्हा बाबांना कळलं. पुढच्या वेळी अंबरनाथला जाताना सासूबाई स्कूटरवर, मी त्यांच्या मागे, असे आम्ही बाबांना ओलांडून गेलो. बाबा ठिपक्याकडे बघत होते, त्यांनी आम्हाला पाहिलंच नाही. नणंदेच्या घरी ते आले तेव्हा आमची भाजी चिरून झाली होती.

जेवताना त्यांनी बायकोला विचारलं, "किती स्पीडने आणलीस?"

"मीटरकडे बघायला वेळ कुठे असतो," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांच्या पानात आणखी एक भाकरी वाढली.

परत निघताना बाबा आमच्या बरेच आधी निघाले.