छापलं आहे तर म्हणायचं

मला एक इंग्रजी नाटक अख्खं पाठ आहे. इंग्रजी येत नाही. त्या नाटकातलं एक वाक्य म्हणजे काय, हे कोणी विचारलं तर मी सांगू शकणार नाही. पण मधला एक शब्द कोणी गाळला तर लगेच धरीन.

पांढरकवड्याला मुलींच्या वसतिगृहात मी एकोणीस वर्षं स्वयंपाक केला. माझं शिक्षण चौथी. बापानं धर्म बदलला तेव्हा त्याच्या डोक्यात शाळा शिरली, म्हणून मी चौथीपर्यंत गेले. पाचवीची शाळा दुसऱ्या गावात होती. तिथवर बापाचं डोकं पोचलं नाही.

कापसाची वाईट सालं होती. वसतिगृहातली ताटं दर वर्षी कमी व्हायची. दिवाळीला गावी गेलेली पोरगी वेचणीला अडकली की परत यायची नाही. आठ दिवस वाट बघून मी तिचं ताट वरच्या फळीवर ठेवून द्यायचे. वाईट वाटायचं का, असं मला एका बाईनं विचारलं होतं. वाटायचं नाही. एका ताटाच्या दोन भाकरी कमी थापाव्या लागायच्या.

बी.ए.च्या पहिल्या वर्षाला इंग्रजी सगळ्यांना सक्तीचं होतं आणि त्यात हे जुनं विनोदी नाटक होतं. मुली स्टँडजवळच्या दुकानातून त्याचं गाईड आणत. गाईडात वरची ओळ इंग्रजी, तिच्याखाली तेच इंग्रजी आपल्या अक्षरांत, आणि अगदी शेवटी दोन पानं मराठीत गोष्ट. एक श्रीमंत म्हातारा, त्याची लग्नाची पुतणी, तिच्यामागे लागलेले दोघं, आणि सगळ्यांना बनवणारी एक मोलकरीण. मुली खालची ओळ पाठ करायच्या. ती बरोबर आहे की नाही हे बघायला कोणीतरी लागायचं, आणि आपली अक्षरं मला वाचता येत होती. गाईड तेलाच्या पिप्याला टेकवून ठेवायचं, मी भाकरी थापायची, पोरीनं समोर उभं राहून म्हणायचं. शब्द गाळला की मी तिच्या ताटात पडणारी भाकर परत दुरडीत टाकायचे. पुन्हा म्हटल्यावरच मिळायची.

"मावशी, तुम्ही सरापेक्षा वाईट आहा," पोरी म्हणायच्या.

"सराची भाकर खाऊन पाहा मंग," मी म्हणायचे.

मला ते आवडत होतं. कॉलेजात शिकणाऱ्या पोरी माझ्यापुढे चुकत होत्या.

त्या वर्षी एक कोलामाची पोरगी आली. झरीकडच्या एका पोडावरची. पोड म्हणजे त्यांची वस्ती, दहा-वीस घरांची. घरात कोलामी बोलायचे. मराठी तिला शाळेतच आली होती, आणि आता तिसरी भाषा इंग्रजी. बाप जिनिंगात गाठी उचलायचा, पण त्या सालांत जिनिंग दोन महिने चालायची आणि बंद पडायची. तो तिला सोडायला आला तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून माझ्यादेखत तिला म्हणाला, "इंग्रजीत पास झाली त पुढलं साल. नाही झाली त घरी. मंग रडजो नको." पोरीनं मान हलवली. त्यानं माझ्याकडे पाहिलं, जणू मी साक्षीदार आहे.

अशी पाठ करणारी पोरगी मी पाहिली नाही. बाकीच्या पोरी दोन पानं झाली की घसरायच्या. हिनं दिवाळीपर्यंत मोलकरणीचं सगळं काम तोंडपाठ केलं. सुरुवातीला एकाच ठिकाणी अडायची. खालच्या ओळीत मध्येच 'लाफ्स' यायचं, कुठे 'असाइड', कुठे 'एक्झिट'. ती ते सोडून पुढे जायची. मी भाकर दुरडीत टाकायचे.

"मावशी, हे म्हणा लागते का? सर वर्गात वाचत होते तवा त्यायनं म्हटलं नाही वाटते."

"तुह्या कानानं ऐकलं नसन."

"पण ह्याचा अर्थच लागत नाही."

"बाकीच्याचा लागते का तुले? छापलं हाय त म्हणायचं. छापणाऱ्याले काय येडा समजली?"

ती म्हणू लागली. नुसती म्हणू लागली नाही, बाकीच्या शब्दांइतक्याच जोरानं, ठासून म्हणू लागली. मला बरं वाटलं. माझ्या हाताखाली एक तरी पोरगी न चुकता म्हणत होती.

एका दुपारी ती कॉलेजातून उड्या मारत आली. सरांनी तिला वर्गात उभं केलं होतं. तिनं मोलकरणीचं काम म्हणून दाखवलं आणि वर्ग लोटपोट झाला. सरांनी डोळे पुसले.

"मावशी, विनोदी नाटक हाय न ते. लोकं हासले पाह्यजे. दुसऱ्या पोरीइले कोणीच हासलं नाही. सर म्हणे, असं कोणालेच जमत नाही, गॅदरिंगले तूच करजो."

मी तिला त्या दिवशी तुपाची धार घातली. तूप गृहपाल बाईंच्या डब्यातलं होतं.

मग दर आठवड्याला सर तिला उभं करू लागले. दुसऱ्या वर्गातली मुलं खिडकीत येऊन उभी राहायची. जेवताना पोरी एकमेकींकडे पाहून खाली मान घालायच्या. मला वाटलं जळतात. तिलाही तेच वाटलं. तिची चाल बदलली. ताट उचलून ठेवायला ती विसरू लागली आणि एकदा मला म्हणाली, "मावशी, भाकर थोडी पातळ थापत जा न." मी ते ध्यानात ठेवलं.

गॅदरिंगला आम्ही कामाची माणसं मागच्या सतरंजीवर बसलो होतो. ती डोक्याला फडकं बांधून आली. पहिल्या 'लाफ्स'ला मंडप उसळला. 'असाइड'ला शिट्ट्या. पाहुणे म्हणून आलेले एक साहेब खुर्चीत पुढे वाकून खोकत होते, त्यांना पाणी द्यावं लागलं. शेवटी ती मंचाच्या मध्यभागी थांबली, 'एक्झिट' असं खणखणीत म्हणाली आणि गेली. तिला पुन्हा बोलावून तेवढंच परत म्हणायला लावलं. मीही हसले. सगळे हसत होते. आणि मनात म्हणत होते, एक शब्द गाळला नाही पोरीनं. बक्षीस म्हणून स्टीलचा तीन पुडांचा डबा मिळाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कढई घासत होते. तिसऱ्या वर्षाची एक पोरगी, माझ्याच गावाकडची, पाणी घ्यायला आली. मी म्हटलं, "पाह्यलं का, कोलामीण असून कशी नाव काढून राह्यली. तुमच्यातली एक तरी हाय का तशी?"

तिनं घागर खाली ठेवली आणि हसायला लागली. मग माझं तोंड पाहून थांबली.

"मावशी, तुम्हाले खरंच मालूम नाही? ते म्हणायचं नसते. ते करायचं असते. लाफ्स म्हणजे इथं हासायचं. एक्झिट म्हणजे आत निंघून जायचं. असाइड म्हणजे मंचावरल्या दुसऱ्या माणसाले ऐकू नाही येत असं दाखवून बोलायचं, लोकाइले सारं ऐकू येते. इंग्रजी ओळीत त्याले कंस असते. खालच्या ओळीत गाईडवाल्यानं कंस दिले नाही."

"मंग तिले काहून नाही सांगितलं?"

"सर म्हणे, सांगाल त याद राखा. गॅदरिंगची मजा जाईन."

"तुम्हा साऱ्याइले मालूम?"

"पह्यल्या दिवसापासून. आम्हाले वाटलं तुम्हीच मजेनं शिकवलं."

ती घागर घेऊन गेली. मी कढई घासत राहिले.

त्याच दिवशी सांगायला हवं होतं. मी महिनाभर सांगितलं नाही. कारण सांगते, लपवत नाही. सांगितलं असतं तर हे मी शिकवलं हे सगळ्यांना कळलं असतं. चौथी पास स्वयंपाकीण इंग्रजी शिकवते, हे गृहपाल बाईंच्या कानावर गेलं असतं. आणि दुसरं, ते पातळ भाकरीचं. स्टीलचा डबा उशाशी घेऊन झोपणाऱ्या पोरीला बघून मला वाटायचं, राहू दे, थोडे दिवस अजून हसू देत लोकं.

इंग्रजीची तोंडी परीक्षा फेब्रुवारीच्या शेवटी होती. तोंडीत नापास म्हणजे इंग्रजीतच नापास. बाहेरगावचे सर येणार होते. आमचे सर तिला म्हणाले होते, तू तेच म्हण, मोलकरणीचं, पाहुण्यांना आवडेल. त्या सकाळी ती चुलीपुढे येऊन उभी राहिली. दोन वेण्या, धुतलेला ओढणीचा ड्रेस. म्हणाली, "मावशी, एकदा घ्या." तिनं सुरुवात केली. पहिल्या 'लाफ्स'ला मी भाकर तव्यावर टाकता टाकता म्हटलं, "ते म्हणू नको."

"काय?"

"लाफ्स. अन् असाइड. अन् एक्झिट. ते म्हणायचं नसते. ते नाटक करणाऱ्याइले सूचना हाय. लोकं तुह्या कामाले हासत नव्हते. त्याले हासत होते."

आजूबाजूला सात-आठ पोरी ताटं घेऊन बसल्या होत्या. कोणीच वर पाहिलं नाही. तिनं एकेकीकडे पाहिलं. कोणीतरी म्हणेल, मावशी काहीतरीच सांगते, असं तिला वाटलं असावं. कोणी म्हणालं नाही.

"साऱ्याइले मालूम होतं?" तिनं विचारलं.

"हो."

"तुम्हाले?"

"महिना झाला."

मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही. खाली बसली, गाईड घेतलं आणि पेन्सिलीनं इंग्रजी ओळीतले कंस शोधून खालचे शब्द खोडायला लागली. कॉलेजला तासभर होता. खोडून झाल्यावर उभी राहिली आणि म्हणून पाहिलं. दोन ओळी नीट गेल्या. पहिला खोडलेला शब्द आला तिथं थांबली. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तिथंच थांबली. पाच महिने तिनं ती ओळ एका श्वासात म्हटली होती. मधला शब्द काढल्यावर पुढचं काय ते तिला आठवेना.

"मंग आता काय करू?"

"हाय तसं म्हण जाऊन," मी म्हटलं.

"आता कसं म्हणू?" ती म्हणाली. भाकर न खाता गेली.

पुढचं मला गावाकडच्या त्या पोरीनं सांगितलं. तिची धाकटी बहीण त्याच वर्गात होती. बाहेरगावच्या सरांना यवतमाळची बस पकडायची होती. ते प्रत्येकीला नाव विचारायचे, गाव विचारायचे, आणि म्हणायचे, नाटकातल्या कुठल्याही चार ओळी बोल. कोणी काय बोलतं इकडे त्यांचं लक्ष नव्हतं, ते कागद भरत होते. जिनं तोंड उघडलं ती पास. एक पोरगी तर घाबरून शाळेतली कविता म्हणाली, तीही पास.

हिची पाळी आली तेव्हा आमचे सर पाहुण्यांकडे वाकून म्हणाले, "हिचं ऐका, मजा येईल." पाहुण्यांनी पेन खाली ठेवलं. दुपारभरात ते पहिल्यांदाच कोणाकडे बघत होते. तिनं दोन ओळी म्हटल्या. तो शब्द यायच्या आधीच मागून हसू फुटलं, सवयीनं. ती थांबली. ओठ उघडे, आवाज नाही. पाहुणे म्हणाले, बोल, बोल. सर म्हणाले, अगं म्हण ना, नेहमीचं. ती तशीच उभी राहिली. मग पाहुण्यांनी घड्याळ पाहिलं आणि कागदावर तिच्या नावापुढे नापास लिहिलं.

मी सांगितलं नसतं तर ती ते सगळं जोरात म्हणाली असती, खोली हसली असती आणि ती पास झाली असती. किंवा पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तरी झाली असती. मी बरोबर मधला दिवस निवडला.

चार दिवसांत पोडावर कळलं आणि बाप आला. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यात तिचे कपडे भरले. शेतात फरदड उभी होती. फरदड म्हणजे हंगाम संपल्यावर झाडाला राहिलेली शेवटची बोंडं. कापूस थोडा, आणि बोटं फाटतात. त्याला वेचायला माणूस हवा होता. पोत्यात डबा पाहून त्यानं तो बाहेर काढला, झाकण उघडलं, लावलं.

"हा कायचा?"

"बक्षीस भेटलं," ती म्हणाली.

"मजबूत हाय. मले कामावर होईन." मग मला विचारलं, "बाई, काही शिकली का हे इथं?"

"पाठांतर चांगलं हाय तिचं," मी म्हटलं.

ती माझ्याकडे न बघता निघाली. गाईड चुलीजवळच राहिलं. मी तिचं ताट त्याच दुपारी वरच्या फळीवर ठेवलं. आठ दिवस वाट बघायचं कारण नव्हतं.

पुढच्या वर्षी दुसऱ्या पोरीला मी तेच गाईड दिलं, पेन्सिलीनं खोडलेलं. म्हटलं, खोडलेलं म्हणायचं नाही. ती निम्मं गाळायची, अडखळायची, कोलामाच्या पोरीइतकी हुशार कधीच नव्हती. पास झाली. आता मास्तरीण आहे.

कोलामाची पोरगी मला पुढे एकदाच दिसली, आठवडी बाजारात. बांबूच्या टोपल्या मांडून बसली होती, पाठीला एक मूल. मी एक टोपली उचलली. काय बोलावं ते सुचेना आणि तोंडातून मोलकरणीची पहिली ओळ निघाली, इंग्रजी, जशी पिप्याला टेकवलेल्या गाईडातून मी तिला सुरू करून द्यायचे तशी. पुढचं ती म्हणेल म्हणून थांबले.

तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"घ्यायची असन त घ्या मावशी," ती म्हणाली, "नाही त बाजूले सरका. मांगं गिऱ्हाईक उभं हाय."

मी घेतली. टोपली चांगली निघाली. अजून भाकरी तिच्यातच ठेवते.