पाचवा पर्याय

"थांबा. काहीतरी आहे."

सर लाल पेनचं टोपण दातात धरून हे म्हणायचे. समोर इंग्रजी वाक्य असो, विजेचं बिल असो, नाहीतर नवीन विद्यार्थी असो. तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, ज्याला रिक्षावाल्याने न मागता सुट्टे दिले तरी शंका येते. आमचे सर त्यातलेच. फक्त त्यांचा मुख्य संशय इंग्रजी वाक्यांवर होता, आणि त्यावरच त्यांचं पोट चालायचं.

अंबरनाथ पूर्वेला एका झेरॉक्सच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर त्यांचा क्लास होता. बँकेच्या परीक्षांचं इंग्रजी शिकवायचे. त्यातही वाक्यातली चूक ओळखणं हा त्यांचा खास विषय. या परीक्षेत वाक्याचे चार तुकडे करून देतात. चूक कोणत्या तुकड्यात आहे ते सांगायचं. पाचवा पर्याय असतो 'नो एरर', म्हणजे वाक्यात चूक नाहीच.

कॉलेज संपल्यावर मी तिथे कामाला लागले. चिखलोलीहून यायला सोपं, आणि काम माझ्या स्वभावाला धरून होतं. सरांनी काढलेले पेपर टाइप करायचे, एकदा वाचायचे, उत्तरं वेगळी काढून ठेवायची. शिकवायचं नाही, म्हणजे बोलायचं नाही.

पहिल्या दिवशी त्यांनी मला आपादमस्तक पाहिलं.

"इंग्लिश मीडियम?"

"हो."

"म्हणजे तुमचं इंग्रजी कानाचं." त्यांनी कागदावर एक वाक्य लिहून पुढे सरकवलं. 'लेट अस डिस्कस अबाउट धिस मॅटर.' "बोला."

"अबाउट नको."

"का नको?"

"ऐकायला बरं वाटत नाही," मी म्हणाले.

"बरं वाटत नाही? मॅडम, ही काय भेंडीची भाजी आहे? कारण सांगा, कारण."

मला कारण सांगता आलं नाही. तरी त्यांनी मला ठेवून घेतलं. का, हे पुष्कळ दिवसांनी काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोने, मला हसत हसत सांगितलं. "घरी येऊन म्हणाले, पोरगी तोंडच उघडत नाही. पेपर फुटायची भीती नाही."

पेपर फुटायची भीती त्यांना वरच्या मजल्यावरून होती. उल्हासनगरच्या एका शेठने तिथे एसी लावून दुसरा क्लास काढला होता. तिथली रिसेप्शनवरची मुलगी एकदा जिन्यात माझ्याशी बोलली. मी आत येऊन बसते न बसते तोच सरांनी विचारलं, "काय विचारत होती?"

"पाणी आलंय का, म्हणून."

"पाणी?" सरांनी दाराकडे पाहिलं. "आपल्या पाण्याशी तिचा काय संबंध?"

मी बाटली भरायला उठले की ते कपाटाला कुलूप लावायचे. ते फोनवर बोलायला बाहेर गेले की मी माझ्या पर्सची चेन ओढून घ्यायचे. असे आम्ही दोघं एका टेबलावर एकमेकांवर नजर ठेवून शांतपणे काम करायचो. मला ते सोपं जायचं. पहिल्या भेटीत गोड बोलणाऱ्या माणसांसमोर मला जास्त अवघडायला होतं.

सरांचं एक ठाम मत होतं. चूक आपोआप होत नाही, तिच्याआड कुणीतरी लपलेलं असतं. बदलापूरला त्यांच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकदा इंग्रजीत सूचना आली की पाणी उद्या सकाळपासून 'टिल ओव्हर' बंद राहील. सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, टिल ओव्हर म्हणजे कधीपर्यंत? सेक्रेटरी म्हणाला, समजून घ्या ना काका. सरांनी पुन्हा विचारलं. मग पुन्हा. संध्याकाळी त्यांना ग्रुपमधून काढून टाकलं.

"बघितलंत?" सर मला म्हणाले. त्यांचा चेहरा जवळजवळ आनंदी होता. "साधी चूक असती तर दुरुस्त केली असती. काढून का टाकलं? टँकरवाल्याशी काहीतरी आहे."

काम करता करता एक गोष्ट माझ्या लक्षात आली. सरांच्या पेपरात पाचवा पर्याय छापलेला असायचा, पण उत्तर म्हणून तो कधीच यायचा नाही. मी जुने पेपर काढून पाहिले. त्यांतही नाही. प्रत्येक वाक्यात चूक होतीच.

एकदा धीर करून मी विचारलं. सर पेन पुसत होते.

"बरोबर वाक्य कोण कशाला विचारेल? विचारलंय म्हणजे काहीतरी आहे. नो एरर हा दमलेल्या माणसाचा पर्याय."

मग त्यांनी स्वतःहूनच सांगितलं. क्लासच्या आधी ते इथल्याच एमआयडीसीत एका कारखान्यात तयार माल तपासायचे. कारखाना बंद पडला. "माल नापास केला तर कुणी विचारायला येत नाही, मॅडम. पास केला की खाली माझी सही. उद्या मालाचा तुकडा पडला की बोलावणं मला." एवढं बोलून ते एकदम थांबले. मला जास्त सांगितलं असं त्यांना वाटलं असावं. त्या दिवशी कुलूप त्यांनी दोनदा ओढून पाहिलं.

वैशाली ही त्यांची सगळ्यात चांगली विद्यार्थिनी. बुवापाड्यात राहायची, दिवसभर शहाडला एका औषधांच्या दुकानात बिलं करायची, आणि संध्याकाळी बॅचला यायची. माझ्याहून वयाने मोठी. मला सगळ्यांसमोर मॅडम म्हणायची आणि जिन्यात म्हणायची, "अगं मॅडम, तू घाबरतेस काय एवढी? सर काय चावतायत?" तिची ही शेवटची परीक्षा होती. पुढच्या वर्षी तिचं वय नियमात बसणार नव्हतं. आईशी तिने ठरवून टाकलं होतं. या वेळी झालं नाही तर बघायला येणाऱ्यांना नाही म्हणायचं नाही.

सरांनी फळ्यावर वाक्य लिहिलं, की बाकीचे वाचून होईपर्यंत तिने चूक धरलेली असायची. सर कधी कुणाला शाबास म्हणायचे नाहीत. वैशालीला ते म्हणायचे, "हं. कुणी सांगितलं तुला?" ती हीच शाबासकी समजायची.

परीक्षेला थोडे आठवडे राहिले होते. वैशाली जिन्यात बसलेली दिसली. बॅच कधीच सुरू झाली होती.

"आत येत नाहीस?"

तिने फोन माझ्यापुढे धरला. मोबाइलवरच्या कुठल्याशा ॲपवर तिने सराव परीक्षा दिली होती. गणित उत्तम, बाकी सगळं ठीक. इंग्रजीत ती साफ झोपली होती. "एवढे दिवस मी काय केलं गं?" ती म्हणाली. "बाकी सगळं गेलं चुलीत, हे तर माझं पक्कं होतं ना?"

मी तिच्या शेजारी बसून एकेक प्रश्न उघडला. जिथे चूक होती तिथे तिने ती बरोबर धरली होती. तिचे गुण गेले होते ते बिनचुकीच्या वाक्यांवर. त्या सगळ्या वाक्यांत तिने चूक शोधून काढली होती.

"हे वाक्य बरोबर आहे," मी म्हणाले.

"अगं नाही, नीट बघ ना." तिने डोळे बारीक करून स्क्रीनवर बोट ठेवलं. "इथे काहीतरी आहे."

आवाज तिचा होता, पण बोलणं सरांचं.

बॅच सुटल्यावर मी सरांसमोर उभी राहिले. काय बोलायचं ते मनात घोळवून घेतलं होतं. "सर, आपल्या पेपरात बरोबर वाक्यं घालायला हवीत. मुलांना ती ओळखताच येत नाहीयेत."

सरांनी टोपण दातातून काढलं. "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही."

"वरून कुणी?"

दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी पर्स उचलून घरी गेले असते, आणि परत आले नसते. त्या दिवशी दारात वैशाली उभी होती. तीच आत आली. फोन तिने टेबलावर ठेवला, जवळजवळ आपटलाच.

"वरून नाही सर, मी सांगते. तुम्ही शिकवलं म्हणून मला आता सरळ वाक्य दिसतच नाही. मला माझ्या दुकानाच्या पाटीवरपण डाउट येतो. तिथे ठीक आहे हो. पण पेपरात चुकीच्या उत्तराला मार्क मायनस होतात ना! माझी तर वाट लागली."

मला वाटलं, आता सर ओरडतील. त्यांनी चष्मा बदलला. "ॲपची उत्तरं चुकीची असणार," ते म्हणाले. "फोन ठेवून जा."

"फोन कसा ठेवून जाऊ? घरचे काय समजतील?"

"मग मॅडम, तुम्ही प्रिंट काढा."

मी खालून प्रिंट काढून आणली. सर ती घरी घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी ते आले आणि कागद माझ्यासमोर ठेवून म्हणाले, "उत्तरं बरोबर आहेत." बस, एवढंच. दिवसभर ते वरच्या क्लासविषयीही काही बोलले नाहीत.

त्यानंतर ते रोज बिनचूक वाक्यं लिहायला बसायचे. मी पलीकडे बसून बघायचे. एक वाक्य लिहायचे, त्याच्याकडे टक लावायचे, आणि थोड्या वेळाने त्यावर आडवी रेघ मारायचे. टेबलाखालचा डबा कागदाच्या बोळ्यांनी भरून गेला.

"मॅडम," शेवटी ते म्हणाले, माझ्याकडे न बघता. "लिहिताना बरोबर असतं. बघत बसलो की बिघडतं. तुम्ही लिहा. तुमच्या कानाने लिहा. मी बोलणार नाही."

मी साधी वाक्यं लिहिली. दूधवाला सकाळी येतो. माझ्या भावाला पोहता येत नाही. पाऊस थांबेपर्यंत आम्ही दुकानात उभे होतो. अशी इंग्रजीत. सर शेजारी बसून वाचत होते. बोट पुढे जाऊ नये म्हणून त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते, शाळेतल्या मुलासारखे. एका वाक्याशी त्यांचे ओठ हलले. मी थांबले. "नाही नाही, चालू द्या," ते घाईने म्हणाले.

संध्याकाळी वैशालीला त्यांनी माझा पेपर दिला. तिने पहिल्याच वाक्यात चूक काढली.

"कारण सांग," सर म्हणाले.

तिने वाक्य पुन्हा वाचलं. "कारण नाही, पण..."

"मग सोड."

"पण सर, वाटतंय ना काहीतरी."

सर उठून फळ्यापाशी गेले. खडू हातात घेतला, पण लिहिलं काहीच नाही. "मलाही वाटतंय," ते म्हणाले. "रोजच वाटतं. पण कारण देता आलं तरच ती चूक. नुसतं वाटणं आपल्यापाशी ठेवायचं, समोरच्याच्या माथी मारायचं नाही. लाव पाचव्याला खूण."

तिने खूण केली. हात असा जड करून, की जणू आम्ही दोघांनी तिला एखाद्या अनोळखी गाडीत बसायला सांगितलंय. परीक्षेपर्यंत रोज आमचं हेच चाललं. मी लिहायचे, ती संशय घ्यायची, सर कारण मागायचे. हळूहळू ती सोडायला शिकली. सर शिकले की नाही, सांगता येत नाही. कपाटाचं कुलूप तर तसंच होतं.

वैशाली पास झाली, पूर्व आणि मुख्य अशा दोन्ही परीक्षा. पण निकाल लागला तेव्हा क्लास बंद पडला होता. सरांच्या पायांना सूज यायची, जिना चढवेना. मुलं वरच्या क्लासला गेली, काही नुसत्या ॲपवर. मलाही कल्याणला काम मिळालं.

बँकेचं पत्र आलं तेव्हा वैशालीचा फोन आला. "मॅडम, चल. मी एकटी गेले तर रडेन." बदलापूरला स्टेशनवरून आम्ही रिक्षा केली. सरांना मी त्या भेटीनंतर पाहिलं नाही. पुढच्या महिन्यात ते गेले.

काकूंनी दार उघडलं. सर पलंगावर उशीला टेकून बसले होते, बरेच वाळले होते. वैशाली पाया पडली. पेढ्याचा पुडा त्यांनी बाजूला ठेवला.

"पत्र दाखव."

"अहो, आधी पेढा तरी घ्या," काकू म्हणाल्या. "पोरीने खोटं पत्र आणलंय का?"

"खोटी पत्रं हल्ली फार येतात," सर म्हणाले. त्यांनी चष्मा लावला आणि वाचू लागले. मी त्यांच्या खांद्याशी उभी होते. मलाही दिसत होतं. दुसऱ्या परिच्छेदात ढळढळीत चूक होती. आमच्या बॅचमधल्या नवख्या मुलानेही पकडली असती, आणि हिचं कारणही देता आलं असतं.

सरांची नजर तिथे पोचली आणि थांबली. चांगली थांबली. उशीपाशी त्यांच्या गोळ्यांच्या डब्याशेजारी लाल पेन पडलेलं होतं. वैशाली त्यांच्या तोंडाकडे बघत होती. जशी फळ्यासमोर बसायची तशी.

सरांनी पत्र शेवटपर्यंत वाचलं. मग घडीवर घडी घालून तिच्या हातात दिलं.

"चांगलं आहे," ते म्हणाले. पेढा तोंडात टाकला, नीट खाल्ला, आणि मग बोट उगारून म्हणाले, "कॉम्प्युटरचा पासवर्ड कुणाला सांगायचा नाही. शेजारी बसणाऱ्यालाही नाही. तो आधी हसून बोलेल. लक्ष ठेव."

"हो सर," वैशाली म्हणाली, आणि रडलीच.

परतताना रिक्षात तिने पत्र पुन्हा उघडलं. वाऱ्याने फडफडत होतं, म्हणून मी एक टोक धरलं.

"मॅडम, सर एवढा वेळ कुठे थांबले होते गं? काही आहे का यात?"

"नाही," मी म्हणाले. "काही नाही."

तिने माझ्याकडे एकदा नीट पाहिलं. मग पत्र घडी करून पर्समध्ये ठेवलं आणि रस्ताभर बाहेर बघत बसली.