बुधवारचा उपास

आमच्या मंडळीत ‘सहभागिता’ हा शब्द फार चाले. मंडळी म्हणजे आमच्या चर्चची माणसं. पाळकसाहेबांच्या उपदेशात तो शब्द असे, वडीलजनांच्या बैठकीत असे आणि भगिनी मंडळाच्या प्रार्थनेत तर दर वाक्याला असे. ज्या वस्तूचा घरात पत्ता नसतो तिचं नाव माणसं जरा जास्तच घेतात, हे मी सांगलीला आल्यावर शिकले.

मूळची मी साताऱ्याची. मिशनच्या मुलींच्या शाळेत शिक्षिका म्हणून सांगलीला आले तेव्हा महायुद्ध चालू होतं. साखर रेशनवर, रॉकेल रेशनवर, मोठेपणा तेवढा मुबलक. कंपाउंडात कौलारू घरांची एक ओळ होती, समोर चर्च, आणि ओळीच्या टोकाला माझी खोली. ओळीतल्या पहिल्या घरात आमचे मुख्य वडील राहत. वडील म्हणजे वयानं नव्हे, मंडळीनं निवडून दिलेले कारभारी. ते दवाखान्यात कंपाउंडर होते. औषधाच्या बाटल्या हलवूनहलवून त्यांना आपण देवाचे उजवे हात आहोत असं वाटू लागलं होतं. त्यांची बायको त्यांच्याहून एक पायरी वरच. तिच्या घरी गेलं की ती आधी येणाऱ्याच्या पायांकडे बघायची आणि मग तोंडाकडे.

दर बुधवारी दुपारी उन्हं कलली की कुणाच्या तरी घरी प्रार्थना असायची. पाळी फिरायची. जिच्या घरी पाळी ती जाजम अंथरायची, गीतं व्हायची, शास्त्रवाचन व्हायचं, प्रार्थना व्हायच्या आणि मग चहा. खरं सांगायचं तर बाकी सगळं चहाची वाट बघण्यासाठी होतं. कुणाच्या शंकरपाळ्या खुसखुशीत, कुणाचा चहा पांचट, याचं चर्वितचर्वण पुढच्या बुधवारपर्यंत पुरायचं. पण या चहात आणखी एक गोम होती. ज्या घरात बुधवार जाऊन चहा पिऊन आला, ते घर मंडळीतलं. ज्या घरी गेला नाही, त्या घरच्यांनी रविवारी मागं सतरंजीवर बसावं. असा नियम कुणी केला नव्हता, मोडतही कुणी नव्हतं.

आणि एका घरी बुधवार कधीच गेला नव्हता. नदीच्या अंगाला, कंपाउंडाच्या कुंपणाबाहेर, घायपाताचा वाख काढून दोर वळणारी एक विधवा राहायची. मी तिला मावशी म्हणे. तिनं आणि तिच्या एकुलत्या एका पोरानं थोड्याच वर्षांपूर्वी बाप्तिस्मा घेतला होता. आमच्या सगळ्यांचे आजे-पणजे महारवाड्यातून मिशनमध्ये आले, ती मांगवाड्यातून आली. फरक काय तो एवढाच. पण दोन पिढ्या बूट घातल्यावर आणि खिडक्यांना पडदे लावल्यावर आमच्या लोकांना आपण थेट यरुशलेमहून सांगलीला उतरलो असं वाटत होतं. दुसऱ्यांच्या सोवळ्यातून सुटलेल्यांना आपलं सोवळं लागतंच, त्याशिवाय आपण सुटलो हे कळणार कसं? मला त्या लोकांची तेव्हाही किळस यायची आणि आज आठवलं तरी येते.

मावशीचा पोरगा फौजेत भरती झाला आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीवर गेला. सुरुवातीला त्याची पत्रं यायची, मीच तिला वाचून दाखवी. मग ती थांबली. पावसाळा गेला, दिवाळी गेली, पत्राचं नाव नाही. तेव्हा मावशी माझ्याकडे आली आणि बुधवारची पाळी आपल्या घरी लावून द्या म्हणाली. मी म्हटलं, चर्चमध्ये पाळकसाहेब प्रार्थना करतातच की त्याच्यासाठी. तिनं मान हलवली.

“तसं न्हाई, बाई. तो माज्या घरातनं गेलाय. समद्यांनी हितं बसून त्येचं नाव घेतलं पायजे. जिथनं गेला तिथनंच हाक मारायची अस्ती.”

मी हे वडीलजनांच्या कानावर घातलं. कंपाउंडरसाहेबांनी लगेच अडचणींचा पाढा वाचला. तिकडची वाट चिखलाची. छप्पर ठेंगणं, गीताला उभं कसं राहायचं? म्हाताऱ्या बायकांचे गुडघे. आणि भिजत घातलेल्या वाखाचा वास. त्या वासावर तर ते लांबलचक बोलले. डोंबल, हा माणूस दिवसभर उग्र कार्बोलिकमध्ये हात बुचकळतो! “पुढंमागं बघू,” म्हणून त्यांनी विषय मिटवला.

पण आमचे पाळक तरुण होते, नगरकडचे, आणि अजून पुरते शहाणे झाले नव्हते. त्यांनी कुणाला न विचारता रविवारी व्यासपीठावरूनच सांगून टाकलं की येत्या बुधवारी प्रार्थना मावशीच्या घरी. कंपाउंडरीणबाईंनी पदर नाकाशी नेला. वाखाचा वास तिला चर्चमध्येच आला असावा.

बुधवारी आले सगळे. न येऊन करतात काय, पाळकांनी जाहीर केलं होतं. मावशीनं घर सारवून लखलखीत केलं होतं. वाख लांब नदीकाठी हलवला होता. रेशनची साखर तिनं कितीतरी दिवस तोंडात न घालता साठवली होती, स्वतः गुळाचाच चहा घ्यायची. कपबशा माझ्या नेल्या होत्या. गीतं झाली, वाचन झालं. कंपाउंडरसाहेबांनी प्रार्थना केली ती बादशहापासून सुरू होऊन लाटसाहेब, दवाखाना, पाऊसपाणी असं करत करत पोरापर्यंत पोचली तेव्हा माझे पाय बधिर झाले होते. पण पोचली. मावशी डोळे मिटून भिंतीला टेकली होती, तिच्या तोंडावर असं समाधान होतं की मला क्षणभर सगळ्यांची कणव आली.

मग ती चहाचं ताट घेऊन आली आणि पहिल्यांदा, मानानं, कंपाउंडरसाहेबांसमोर उभी राहिली. त्यांनी कपाकडे बघितलं, छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, “माझा आज उपास आहे.”

उपास! लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत मटणाचा रस्सा दुसऱ्यांदा मागून घेणारा हा गृहस्थ. ताट पुढं सरकलं. त्यांच्या बायकोचाही उपास निघाला. तिच्या शेजारणीचा निघाला. गोवर पसरावा तसा त्या जाजमावर उपास पसरत गेला. पाळकांनी कप उचलला होता, ते बावचळून इकडेतिकडे बघायला लागले. मी माझा कप संपवला आणि सगळ्यांच्या देखत दुसरा घेतला. मावशी भरलं ताट घेऊन जाजमाच्या कडेला उभीच.

पाळकांनी भोळेपणानं विचारलं, आज कसला उपास? आता मात्र कंपाउंडरसाहेबांना काहीतरी बोलणं भाग होतं. ते खाकरले आणि म्हणाले, या बाईच्या मुलासाठी, आम्ही सगळ्यांनी मनात धरला होता, बोललो नव्हतो इतकंच. त्या माणसाच्या जिभेला हाड नव्हतं. पाळकांचे डोळे पाण्यानं भरले. मावशीनं ताट खाली ठेवलं आणि सगळ्यांना हात जोडले.

मंडळी उठली, पटापटा निघाली. कंपाउंडरसाहेबांची बारमाही छत्री कोपऱ्यात राहिली. मावशी ती द्यायला त्यांच्यामागे गेली. मी तोवर आवरत बसले. ती परत आली, उरलेला चहा तिनं चुलीशेजारी झाकून ठेवला, कप विसळायला घेतले. दिली का छत्री, मी विचारलं. दिली म्हणाली. आणखी काही बोलली नाही.

पुढं मात्र ती बोलू लागली. विहिरीवर, बाजारात, शाळेच्या फाटकाशी, भेटेल त्याला सांगायची: माज्या पोरासाठी समद्या मंडळीनं उपास धरलाय. मला तर तिच्या भाबडेपणाची चीड यायची. वाटायचं, खांद्याला धरून गदागदा हलवावं आणि सांगावं, अगं बाई, तुझ्या हातचा चहा नको म्हणून काढलेली पळवाट होती ती. पण पोराची वाट बघणाऱ्या आईला असलं सांगायला माझी जीभ रेटली नाही.

आणि पाळकांनी तर कमालच केली. त्यांनी पुढच्या रविवारी या उपासावर उपदेशच दिला. अशी सहभागिता मी कुठं पाहिली नाही म्हणाले. मग घोषणा: तो मुलगा सुखरूप येईपर्यंत प्रत्येक बुधवारी मंडळी उपासातच प्रार्थना करील, चहा-फराळ कुणी करायचा नाही. कंपाउंडरसाहेबांनी आमेन म्हटलं ते दाढ दुखत असल्यासारखं. काय करतात, उपासाचे जनक तेच.

मला त्या दिवसांत हसू आवरायचं नाही. चहा गेला तशी माणसांची भक्तीही पातळ झाली. कुणाचं डोकं दुखू लागलं, कुणाकडे नेमके बुधवारी मिरजेहून पाहुणे यायला लागले. जी यायची ती जाजमावर वाळलेली तोंडं करून बसायची. पण मावशी प्रत्येक बुधवारी हजर. ज्या घरांच्या उंबऱ्याशी तिला कुणी उभं केलं नव्हतं, त्या घरांत ती आता आत येऊन बसायची. तिच्याच पोराचा उपास, तिला अडवणार कोण? आणि ती खरोखर उपाशी असायची. पाण्याचा घोट घेत नसे.

उन्हाळ्याच्या तोंडी तार आली. पोरगं गेलं होतं. तार मीच वाचली, मलाच वाचावी लागली. मावशीनं एकदाच विचारलं, नीट वाचलं का? मग ती वाखाच्या ढिगाशी जाऊन बसली.

आमच्यात रीत आहे. ज्या घरी मरण होतं तिथं चूल पेटत नाही. मंडळी शिजवून नेते, त्या घरच्यांबरोबर बसते, चार घास खाते. दवाखान्यातली झाडूवाली गेली तेव्हाही गेली होती मंडळी, ती ओळीतली होती ना. मी कंपाउंडरसाहेबांकडे गेले. त्यांनी कायदा काढला. प्रेत नाही, पुरणं नाही, मग जमायचं कशासाठी? लष्करानं तिकडंच सगळं केलं असेल की. बायको आतून म्हणाली की चर्चमध्ये दोन मिनिटं उभं राहू या. कुंपण न ओलांडता दुःख करायची केवढी ती सोय. मी तिथं काय काय बोलले ते लिहीत नाही, पण त्या घराशी माझं बोलणं त्या दिवसापासून संपलं.

पाळक आणि मी, दोघंच गेलो. मी पिठलं-भाकरी नेली होती. मावशीनं आमच्याबरोबर दोन घास खाल्ले. रडून तिचा आवाज बसला होता. तिनं पाळकांकडे एकच गोष्ट मागितली: रविवारी उपासना संपल्यावर मंडळीला जरा थांबवून धरा.

रविवारी आशीर्वाद झाला आणि लोक दाराकडे वळले, तर दारात मावशी. पुढ्यात चहाची मोठी किटली, माझ्याच कपबशा. पाळक तिच्या शेजारी जाऊन उभे राहिले. वाट बंद.

“समद्यांनी माज्या पोरासाठी उपास धरला व्हता,” ती म्हणाली. “पोरगं गेलं. आता कुनासाठी धरायचा? माज्या घरात धरला, माज्या हातनं सोडा.”

नाही म्हणायचं तर देवाच्या घरात, पाळकांसमोर, उपास खोटा होता म्हणून सांगावं लागलं असतं. तिनं पहिला कप कंपाउंडरसाहेबांना दिला, त्या दिवशीसारखाच, मानानं. ते प्याले. बायको प्याली, औषध घ्यावं तसं डोळे मिटून. मग ओळीनं सगळे. साखरेचा चहा होता.

एवढ्यावर गप्प बसतील तर ते कंपाउंडरसाहेब कसले? तोंड पुसून, गळा काढून म्हणाले, “देवाची इच्छा, बाई. आम्ही मनापासून उपास केला होता.”

मी तिच्या शेजारी कप घेऊन उभी होते. ती त्यांच्याकडे वळली आणि हळू आवाजात, साहेब, पाळक आणि मी एवढ्यांनाच ऐकू जाईल असं बोलली.

“छत्री द्याया आले तवा तुमच्या पडवीत समदी च्या पीत व्हती, सायेब. म्या दारातनं बगितलं. छत्री पायरीवर ठिवून माघारी गेले.” तिनं घसा साफ केला. “तवाच बोलले असते तर उपास मोडला असता. खोटा का हुईना, माज्या पोराच्या नावानं बोलला व्हता. देवानं खरा धरला तर धरला, म्हनून गप ऱ्हायले. आता बोलाया हरकत न्हाई.”

आणि त्यांच्या हातातला रिकामा कप घेऊन ती पुढच्या माणसाकडे गेली.