बाटलीवरच्या तीन चिठ्ठ्या

मासा मरायला नको, एवढंच मला त्या आठवड्यात कळत होतं. नवरा नागपूरला दवाखान्यात, सोमवारी त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन, आणि मी जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये काचेच्या टाकीपुढे बसलेली. टाकीत एकच गोल्डफिश. सहा वर्षांचा, तळहाताएवढा. जाताना यांनी बजावलं होतं, "तू सोमवारीच ये. पोरगी आहे तिथं. तू रोज पाणी तपास. मी घरी आलो का मासा मले दिसला पाहिजे." असं सांगून गेलेल्या माणसाला मासा मेला म्हणून कोणत्या तोंडानं सांगायचं? मी देवभोळी नाही. पण याला काही झालं तर तिकडेही काही खरं नाही, असं माझ्या मनानं घेतलं ते घेतलंच.

पाणी तपासायचं म्हणजे काचेच्या नळीत टाकीतलं पाणी घ्यायचं, दोन बाटल्यांतले मोजून थेंब टाकायचे, पाच मिनिटं थांबायचं आणि रंग कार्डाशी जुळवायचा. पिवळा आला तर पाणी ठीक. हिरवा आला तर माशाच्या घाणीचा अमोनिया पाण्यात साचला, म्हणजे विषच.

दुपारी चारला फोन यायचा. "पिवळं का?"

"पिवळं. तुमचं कसं आहे जी?"

"मी बरा आहो."

"मी येऊ का उद्या?"

"कायले येते? सांगतलं ना सोमवारी ये म्हणून. मासा पाह्य."

गुरुवारी सकाळी मासा वर आला. पाण्याच्या वरच्या थराशी तोंड लावून आ वासत होता, कल्ले भराभर हलत होते. पाणी तपासलं तर पिवळं. दुसऱ्यांदा तपासलं, पिवळंच. मग मला वाटलं, यांच्याशिवाय करमत नसेल बिचाऱ्याला, म्हणून दाणे आणखी टाकले. तशी मी, हे गेले त्या सोमवारपासूनच जास्त टाकत होते. घरात दुसरं खायला घालायला होतं तरी कोण?

शुक्रवारी तो एका कुशीवर कलला. कल्ल्यांच्या कडा लाल दिसत होत्या. मी कार्ड खिडकीशी नेऊन बघितलं, अंगणात उन्हात नेऊन बघितलं, शेजारणीला बोलावून दाखवलं. तीही म्हणाली, "पिवळंच तं आहे व. मग काऊन असा करते हा?" मला त्या पिवळ्या रंगाचा असा राग आला की नळी फेकून द्यावी.

तेव्हा त्या दोनांतल्या एका बाटलीकडे नीट पाहिलं. वर यांच्या मोत्यासारख्या अक्षरातली चिठ्ठी होती. 'तपासले. ठीक. मुदत सहा महिने वाढवली.'

याची एक गंमत आहे. यांचा जन्म गेला कारखान्याच्या प्रयोगशाळेत. तिथं मुदत संपलेला माल लगेच फेकत नाहीत. नमुना तपासतात, चांगला निघाला तर मुदत वाढवल्याची चिठ्ठी लावतात. यांनी ती रीत घरात आणली. लोणच्याच्या बरणीवर चिठ्ठी, खोकल्याच्या औषधावर चिठ्ठी. "माझ्या कपाळावरही लावा एक," असं मी म्हणायची, तर हसायचे. आणि खरं सांगते, छापील तारखेपेक्षा मी त्या चिठ्ठ्यांवरच जास्त विश्वास ठेवायची. त्यांनी तपासलं म्हणजे तपासलं.

नखानं चिठ्ठी सोलली, खाली दुसरी निघाली. ती सोलली, खाली तिसरी. तिच्याखाली छापलेली तारीख होती. दोन उन्हाळे होऊन गेले होते त्या तारखेला, आणि ते दोन्ही उन्हाळे ही बाटली टाकीच्या झाकणावर, दिव्याच्या उष्णतेत बसून होती.

हे स्वतःच कितीदा तरी म्हणायचे, मोजमापावर शंका आली तर ज्याचं उत्तर आपल्याला ठाऊक आहे अशी वस्तू त्याच्यापुढे ठेवायची. पवनीच्या माझ्या भावानं त्याच्या धानाच्या खतातलं मूठभर डीएपी कुंड्यांसाठी दिलं होतं. त्यात अमोनियाच अमोनिया. दोन दाणे कपभर पाण्यात विरघळवले, ते पाणी नळीत घेतलं, थेंब टाकले. गडद हिरवं व्हायला पाहिजे होतं.

पिवळं.

बाई गं! पाच दिवस मी मेलेल्या बाटलीला विचारून विचारून "सगळं ठीक" म्हणत होते.

ड्रममध्ये कालचं भरलेलं पाणी होतं. टाकीतलं अर्धं पाणी काढलं, ड्रममधलं हळूहळू ओतलं. दाणे बंद केले. तासाभरानं मासा सरळ झाला. वरच होता अजून, पण कल्ले जरा सावकाश हलत होते. मी तिथंच फरशीवर बसले आणि मला रडू आलं. माशासाठी नव्हतं ते रडू. उन्हाळ्यात हे पायरी चढताना थांबायचे, छातीवर हात ठेवायचे, मी विचारलं की "गॅस आहे" म्हणायचे. आणि मी मान हलवून पोळ्या लाटायची.

सकाळीच पोरीनं कळवलं होतं, बाबांनी दोन दिवस ताटाला हात लावला नाही.

चारला फोन आला. "पिवळं का?"

मी उलट विचारलं, "जेवले का जी?"

"हो. पोटभर. भात, वरण, भेंडीची भाजी."

"झोप?"

"मस्त. मी बरा आहो."

"तुमची बाटली खराब झाली," मी म्हटलं. "खताच्या पाण्यातही पिवळंच दाखवते. मासा मरता मरता वाचला. आणि तुमचं ताट तसंच परत जाते, मले माहीत आहे."



"दोन चिठ्ठ्या तपासून लावल्या होत्या," ते म्हणाले. "तिसरी तशीच लावली. उभं राहवत नव्हतं त्या दिवशी. दम लागे."

"मले काऊन नाही सांगतलं?"

"तू घाबरली असती."

"मी पाच दिवसांपासून घाबरूनच आहो. एकटी. आता खरं सांगा, कसं आहे?"

या माणसाच्या तोंडून मी कधी न ऐकलेला आवाज आला. "मले भेव लागून राहिलं व."

माझा राग कुठल्या कुठे गेला. शेजारीण रोज बादलीभर पाणी बदलून देईन म्हणाली होती, ते मी सांगितलं. नळी-बाटलीकडे बघायचं नाही, माशाकडे बघायचं, असं तिला बजावल्याचंही सांगितलं. आणि म्हटलं, "मी उद्या सकाळच्या पहिल्या बसनं येते."

मी वाट बघत होते, आता म्हणतील, कायले येते.

"ये," ते म्हणाले. "लवकर ये."