अनुमोदकाच्या हातात ट्रे होता

“ए भाऊ, स्टेजवर चार चहा आण. यल्ला, जरा पटापट!”

शारजातल्या आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष हे ज्याला म्हणाले तो माझा बाप. बाबा चहा द्यायला आले नव्हते. वर्गणी भरलेले सभासद होते, सभेला बसायला आले होते माझ्याबरोबर. चूक एवढीच, की आईने त्यांना पांढरा शर्ट कडक इस्त्री करून दिला होता. आणि केटररची माणसंही पांढऱ्या शर्टात होती.

बाबा उठले. हाक आली की उठायचं, कोणाला मारली ते विचारायचं नाही, अशी त्यांची उभी हयात गेली. रत्नागिरीकडून इथे आले तेव्हापासून शाळेची बस चालवतायत. त्यांनी ट्रे घेतला. स्टेजवर चहा दिला, मग पहिल्या रांगेला दिला. पहिल्या रांगेत सगळी अल मजाजच्या टॉवरांमधली, पाण्याकडे बाल्कनी असलेली मंडळी. त्यातल्या दोघांची पोरं रोज बाबांच्या बसने शाळेत जातात. एकानेही ओळखलं नाही. का ओळखून गप्प बसले, देव जाणे.

आणि मी? मी मान खाली घालून मोबाईल बघत होते. उमेदवार ना मी! उमेदवाराचा बाप चहा वाटतोय हे कोणाला कळू नये म्हणून. लाज वाटली मला. बापाची वाटली.

त्या दिवशी कमिटीची निवड होती. मी शारजात जन्मले, इथल्याच अल नहदात वाढले, एका दवाखान्याच्या काउंटरवर नोकरी करते. अरबी चांगलं येतं. बांधकामाच्या साइटवर पाय मोडलेला आपला माणूस येतो तेव्हा त्याला अरबीत काय विचारतायत तेच कळत नाही. नुसता हात जोडून उभा राहतो. अशा माणसाबरोबर मंडळाचं कोणीतरी असावं, एवढंच मला कमिटीत जाऊन करायचं होतं. माझ्याच गावात, माझ्याच माणसांसाठी.

अध्यक्षांनी माझं नाव पुकारलं. उभी राहिले.

“गाव कुठलं तुझं?”

“शारजा.”

हॉल हसला.

“अगं, ते राहायचं झालं. मूळ गाव? आडनावावरून काही अंदाज येईना, म्हणून विचारतो हो.”

कसला अंदाज हवा होता ते हॉलमधल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आधी गाव, मग आडनाव, मग वडील काय करतात. आपल्या लोकांनी समुद्र ओलांडला, पण चाळणी घरूनच आणली.

“वडील ड्रायव्हर आहेत,” मी म्हटलं.

“बरं. सूचक?”

आमच्या बिल्डिंगमधल्या काकूंनी हात वर केला.

“अनुमोदक?”

मंडळाची रीतच आहे, दुसरा हात वर झाल्याशिवाय नाव पुढे जात नाही. दुसरा हात बाबांचा ठरला होता. बाबा भिंतीपाशी उभे होते. दोन्ही हातांत ट्रे, उष्ट्या कपांनी भरलेला. ते एकदा माझ्याकडे बघत, एकदा ट्रेकडे. कुठे ठेवू, कुठे ठेवू, असं चाललं होतं त्यांचं. मला सगळं दिसत होतं. मी नुसतं ‘बाबा’ म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

“अनुमोदक नाही. अर्ज बाद. खलास, पुढचं नाव घ्या.”

तेव्हा माझं डोकं फिरलं. तरातरा गेले, बाबांच्या हातातला ट्रे घेतला आणि अध्यक्षांच्या टेबलावर आदळला. कप कलंडले.

“हे माझे बाबा. मंडळाचे सभासद. माझे अनुमोदक.”

कोणी खाकरलं. कोणी उगाच फोन काढला.

“अगं, मग आधी नाही का सांगायचं? आम्हाला काय कल्पना!” अध्यक्ष हसले. “आता बाद झालं ते झालं. तू स्वयंसेवक म्हणून ये ना. तुम्हा लोकांना कामाची सवय असते.”

तुम्हा लोकांना.

“ऱ्हाव दे गो बाय,” बाबा माझा दंड धरून म्हणाले. आणि माझ्या बापाने त्या माणसाची माफी मागितली. सांडलेल्या चहाबद्दल! स्वतःच्या रुमालाने टेबल पुसलं. एकजणही त्यांना राहू द्या म्हणाला नाही.

ती लाज अजून अंगावरून उतरलेली नाही. उतरू नये असंच वाटतं. स्वयंसेवक म्हणून येणार नाही, असं तिथेच तोंडावर सांगून आले. पुढच्या निवडीला पुन्हा अर्ज भरणार. गाव विचारलं तर पुन्हा शारजाच सांगणार. हसू देत.

आणि बाबांना बजावून ठेवलंय. पहिल्या रांगेत बसायचं, पांढराच शर्ट घालायचा, हातात काहीही धरायचं नाही.

“आणि कोणी चहा मागितला तर?” बाबांनी विचारलं.

“‘उठून घ्या’ म्हणायचं.”