आबा उभे राहून बोलायचे, मग बसून

माझे आबा गप्प राहिले आणि एक बाई गेली.

हे मी म्हणत नाही. त्यांनीच मला सांगितलं होतं. एसटीत, कळंबहून लातूरला जाताना.

आज आबांचं श्राद्ध. डायरीत दोनदा लिहून खोडलं, म्हणून इथं लिहितेय.

आबा म्हणजे माझे आजोबा. निजामाच्या राज्यात, हैदराबादेत डॉक्टरकी शिकून कळंबला आलेले. तेव्हा आपल्या भागात डॉक्टर इतके थोडे की डॉक्टरांचं मंडळ काढलं तर सगळे मिळून सात जण.

सरकारी कमिटीवर मंडळाचा माणूस म्हणून आबांना पाठवायचे. कारण एकच. त्यांचं उर्दू चांगलं होतं.

चाळीसच्या दशकातली गोष्ट. परांड्याकडच्या एका गावची जत्रा तोंडावर आली होती आणि आसपास पटकीची साथ सुरू झाली होती. आज आपण तिला कॉलरा म्हणतो.

गावाचं नाव आबांनी मला सांगितलं नाही. "त्या गावाचा काय दोष," म्हणाले.

मंडळानं ठराव केला. जत्रेपुरती देवळाजवळची बारव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, बंद करायची, पाणी बैलगाडीवर पिंपांतून आणायचं.

आबांचं म्हणणं वेगळं होतं. बारव बंद केली तर लोक ओढ्याचं पाणी पितील. त्यापेक्षा बारवेतच औषध टाकू आणि तिथं माणूस बसवू.

सहा विरुद्ध एक. आबा हरले.

आणि तो ठराव कमिटीपुढं वाचायला आबाच गेले.

तहसीलदारांनी सगळं ऐकून घेतलं. मग कलम खाली ठेवून विचारलं,

"डॉक्टरसाब, ये तो मंडल की बात हुई. आपकी अपनी राय क्या है?"

आबा उभे होते. म्हणाले, "जो मंडल की, वही मेरी."

बारवेच्या तोंडावर बाभळीच्या काट्या पडल्या. पिंपं दुपारच्या आतच रिकामी झाली.

जत्रेत तंबू ठोकून औषध द्यायलाही आबाच होते. तिसऱ्या दिवशी एक धनगर बायकोला पाठीवर घेऊन आला. ती वाचली नाही.

तो रडला नाही, भांडलाही नाही. एवढंच म्हणाला,

"बारवंला काट्या लावल्या म्हून वढ्यावर गेलो, डागदर. लोकं तिकडं जातील हे तुमाला ठावं न्हवतं व्हय?"

आबांना ठाऊक होतं.

त्यानंतर त्यांनी एक रीत लावून घेतली. कुठल्याही कमिटीत मंडळाचं म्हणणं उभं राहून सांगायचं. सगळं, एक शब्द न गाळता. मग खुर्चीत बसायचं आणि म्हणायचं, "आता माझं."

दोन्ही कागदावर येईपर्यंत उठायचे नाहीत.

आम्हाला लहानपणी ही गंमत वाटायची, कारण घरातही ते तसंच करायचे. माझ्या बारावीनंतर सगळे बसले होते. आबा उभे राहिले.

"घरचं म्हणणं असं की पोरीनं इथंच डीएड करावं. लांब जाऊ नये. खर्च आहे, काळजी आहे."

वडील म्हणाले, "आबा, बसा की आता. तुमचं कळू द्या."

आबा बसले. "आता माझं. जाऊ द्या तिला. मेडिकलला नंबर लागलाय, डीएड काय पळून जातंय?"

त्याच महिन्यात मला सोडायला ते एसटीत सोबत आले आणि ही गोष्ट सांगितली. त्या दिवसाची माझी डायरी आज काढून पाहिली.

"आबांनी जुनी गोष्ट सांगितली. खिडकीची सीट मिळाली."

एवढंच आहे.

मी काहीच विचारलं नाही. पहिल्यांदा बसून बोललात तेव्हा मंडळातले चिडले का? घरी आल्यावर झोप लागली का? तो धनगर पुन्हा कधी भेटला का?

मी पहिल्या वर्षालाच होते तेव्हा आबा गेले. मग विचारायचं राहूनच गेलं.

आज हे सगळं वर येण्याचं कारण सांगते.

मागच्या आठवड्यात आमच्या डॉक्टरांच्या असोसिएशननं मला इथल्या जत्रेच्या सरकारी नियोजन कमिटीवर पाठवलं. असोसिएशनचा ठराव असा की मनुष्यबळ कमी आहे, तर देवळापाशी एकच मेडिकल तंबू द्यावा. माझं मत होतं की गाड्या लांब थांबतात, म्हातारी माणसं भर उन्हात चालत येतात, दुसरा तंबू वाटेत हवाच. मी एकटी पडले.

मीटिंगमध्ये ठराव वाचला. कमिटीच्या साहेबांनी सहज विचारलं, "मॅडम, तुम्हाला स्वतःला काय वाटतं?"

मी म्हटलं, "असोसिएशनचं तेच माझं."

घरी येऊन गाडी बंद केली तेव्हा कळलं, हे वाक्य मी आधी कुठं ऐकलंय.

असोसिएशनचा मान राखला असं मी स्वतःला चार दिवस सांगत होते. खरं म्हणजे मला एकटं दिसायचं नव्हतं. आबांनाही तसंच वाटलं असेल का? ते सांगायला आता ते नाहीत.

काल असोसिएशनच्या अध्यक्षांना फोन केला.

"मग आपल्या ठरावाला अर्थ काय राहिला, मॅडम?"

"ठराव पुन्हा वाचीन, सर. पूर्ण वाचीन. माझं वेगळं सांगेन."

ते म्हणाले, "सांगा. पण तुमचं तुमच्या नावावर."

त्यांना विचारूनच हे इथं लिहितेय. जत्रेला अजून अकरा दिवस आहेत. उद्या सकाळी साहेबांनी वेळ दिली आहे.

आबा, मला तुमच्याशेजारची ती सीट पुन्हा हवी आहे. या वेळी खिडकीबाहेर बघणार नाही.

ते होणार नाही. म्हणून उद्या आधी उभी राहीन.

मग बसेन.

तुमच्या आठवणीला नमस्कार, आबा.