मागच्या चाकाची कुरकुर आणि सुमनमावशी

सुमनमावशींशी बोलायला बसलं की निदान एकदा तरी त्यांचा उजवा तळहात आपल्या तोंडासमोर यायचा. आपलं वाक्य अर्धं राहायचं. त्या मान जराशी वाकडी करून भलतीकडेच ऐकत असायच्या. मग म्हणायच्या, "वरचा पंखा हाय. स्क्रू ढिला झालाय कुठंतरी. हं, बोला." नव्या माणसाला हा तुसडेपणा वाटे. मलाही सुरुवातीला वाटला होता.

लातूरला औसा रोडच्या आत आमची तीन मजली इमारत आहे. मी दुसऱ्या मजल्यावर राहतो. मावशी तळमजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या दोन खोल्यांत राहायच्या. शिलाई मशीन दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. मूळच्या जळकोटच्या. नवरा गेल्यावर लहान मुलीला घेऊन लातूरला आल्या, एका कपड्यांच्या कारखान्यात काज-बटणाच्या कामाला लागल्या. मशीन बंद पडलं की मेकॅनिक येईपर्यंत बायकांना नुसतं बसून राहावं लागे. मावशींना ते बसणं सोसेना. त्यांनी मशीन उघडून बघायला सुरुवात केली आणि तेच पुढे त्यांच्या पोटापाण्याचं साधन झालं. मला भेटल्या तेव्हा त्यांची साठी जवळ आली होती, मुलगी वंदना नांदेडला नर्स होती, आणि आसपासच्या बचत गटांतल्या बायका मशीन रिक्षात घालून त्यांच्या दारात आणत असत.

मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. चाळिशी ओलांडल्यावर डॉक्टरांनी हालचाल वाढवायला सांगितली, म्हणून सायकल घेतली. साधी घेतली असती तर ही गोष्टच घडली नसती. हैदराबादच्या एका इंजिनिअरने वापरून विकायला काढलेली, डोंगरात चालवायची सायकल मी घेतली. तिच्या मागच्या चाकालाही मोटारसायकलसारखा शॉकअॅब्सॉर्बर होता. सांगाड्याचा मागचा भाग चार सांध्यांवर खालीवर व्हायचा, त्यामुळे खड्ड्याचा धक्का कमरेपर्यंत पोचत नसे. माझ्या आयुष्यातली ती पहिली चैन. दोन महिन्यांत ती कुरकुरायला लागली. प्रत्येक गतिरोधकाला, प्रत्येक खड्ड्याला मागून जुन्या खाटेसारखा आवाज. गावातल्या सायकलवाल्यांनी असलं काही पाहिलं नव्हतं. त्यांनी तीनदा तेल सोडलं. दोन दिवस आवाज जाई, तिसऱ्या दिवशी काळ्या मातीची धूळ खाऊन दुप्पट होई.

एका रविवारी मी बाहेर पडत असताना मावशी दारातून म्हणाल्या, "सर, थांबा. तिला रोज रडवत न्यायलात. बघू का जरा?"

मी सायकल उभी केली. मला वाटलं, आता हात घालतील. पण त्या उंबऱ्यावर बसल्या आणि डॉक्टरासारखे प्रश्न विचारू लागल्या. कवापासून आवाज येतो? बसल्यावर येतो का उभं राहून चालवलं तरी येतो? पायडल न मारता उतारावर सोडली तर? मला एकाचंही धड उत्तर देता येईना.

"कमाल हाय," त्या म्हणाल्या. "तुम्ही दोन महिने ऐकायलात आन् तुम्हाला ठाऊकच न्हाई."

त्यांनी मला गल्लीत चार फेऱ्या मारायला लावल्या. बसून, उभं राहून, पायडल मारत, पायडल न मारता. उभं राहिलं की आवाज निम्मा व्हायचा. मावशींनी सीट काढायला सांगितली. सीटखालच्या दोन दांड्या जिथे आवळलेल्या होत्या तिथे माती अडकलेली होती. पुसली, आवळली. निम्मी कुरकुर तिथेच संपली. दोन महिने मी शॉकअॅब्सॉर्बरला दोष देत होतो.

"लोखंड आवाज एका जागी करतं आन् ऐकवतं दुसऱ्या जागी," मावशी म्हणाल्या. ही सायकल लोखंडाची नाही, अॅल्युमिनियमची आहे, असं मी सांगितलं. "मग ते अजून लबाड," म्हणाल्या.

उरलेल्या निम्म्यासाठी त्यांनी शॉकअॅब्सॉर्बरचे बोल्ट काढले, मागचा सांगाडा हाताने खालीवर केला आणि एकेका सांध्यावर बोट ठेवत गेल्या. मलाही बोट ठेवायला लावलं. चौथ्या सांध्याला बोटाखाली बारीक थरथर जाणवली. तिथली बुश, म्हणजे सांध्यातली बारीक नळी, कोरडी पडून घासत होती. साफ केली, नखभर ग्रीस लावलं, बोल्ट बेताने आवळला. सायकल पहिल्यासारखी मुकी झाली. मी तेलाचा विषय काढला तेव्हा त्या म्हणाल्या, "आवाज आला की लगेच तेल घालायचं न्हाई सर. तेल म्हंजी बोलणाऱ्याच्या तोंडावर हात. आधी त्याला काय म्हणायचंय ते ऐकून घ्या."

त्यानंतर रविवारी सकाळी त्यांच्या उंबऱ्यावर चहा ठरून गेला. मी वर्गात मुलांना प्रयोग शिकवताना एका वेळी एकच गोष्ट बदला असं वर्षानुवर्षं सांगत आलो होतो. मावशी चौथीपर्यंत शिकलेल्या होत्या आणि ते हाताने करत होत्या. मी तसं म्हणालो तर त्यांनी तळहात वर केला. मला वाटलं लाजल्या. तर म्हणाल्या, "शेजारचं मिक्सर जळतंय." आणि धावल्या.

पुढच्या थंडीत नवा आवाज सुरू झाला. कुरकुर नव्हे, एक कोरडं 'टक'. मोठ्या खड्ड्यात मागचं चाक पूर्ण दबलं की एकदाच. हाताने दाबून यायचं नाही. मावशींनी दोन दिवस घालवले. सीट काढली, चाक काढलं, चारही सांधे उघडले, पुन्हा जोडले. एकदा तर मला सायकलवर बसवून स्वतः मागच्या चाकाकडे कान लावून सोबत चालल्या. शेवटी फडक्याला हात पुसत म्हणाल्या, "मला सापडंना. सापडेपर्यंत चालवू नका."

"असू द्या, बारीकसा तर आवाज आहे."

"कुरकुर रोज भांडणाऱ्या माणसासारखी असती, तिचं भ्या न्हाई. हे एकदाच बोलून गप बसतंय. मला बरं वाटंना."

त्या शनिवारी आम्ही तिघा प्राध्यापकांनी खरोशाला जायचं ठरवलं होतं. जाताना लेणी बघायची, येताना टेकडीवरून उतरायचं. मी महिनाभर सगळ्यांना सांगत होतो. हैदराबादच्या त्या जुन्या मालकाला फोन केला. तो म्हणाला, या सायकली आवाज करतातच. मला हवं ते ऐकायला मिळालं. शुक्रवारी संध्याकाळी मावशींनी विचारलं, "उद्याचं रद्द केलं ना?"

"हो," मी म्हणालो.

शनिवारी उजाडायच्या सुमारास मी सायकल खांद्यावर उचलली आणि दोन जिने उतरलो. मावशींच्या दारासमोरून चपला हातात घेऊन गेलो. फाटकाबाहेर आल्यावर चपला घातल्या. सेहेचाळीस वर्षांचा शिक्षक.

खरोशाच्या उतारावर, फार वेगात नसताना, मागचा सांगाडा सांध्याजवळ तुटला. मी उजव्या खांद्यावर पडलो. गळ्याखालचं कॉलरबोन मोडलं, गालाची कातडी सोलली. मागून ट्रॅक्टर येत होता, तो थांबला म्हणून हे लिहितो आहे.

दुपारी मावशी दवाखान्यात आल्या. त्या काय म्हणतील याची मी तयारी करून ठेवली होती. आम्ही ऐन वेळी ठरवलं, दुसरी सायकल मिळाली नाही, असं काहीतरी. त्यांनी काही विचारलंच नाही. माझ्या पट्टीकडे बघितलं, शेजारी बसलेल्या माझ्या बायकोच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "तुटलेला तुकडा कुठाय?"

माझ्या सहकाऱ्याने तो पिशवीत आणला होता. मावशींनी खिडकीपाशी नेऊन तुटलेली कड उजेडात धरली. बराच वेळ बघत राहिल्या. मग माझ्याजवळ आणली. "हे बघा. हे चकाकतंय ते आजचं. हे काळं पडलंय ते जुनं. लई दिवसांपासून चीर होती." त्यांचा अंगठा तुकड्यावरच्या एका लाल स्टिकरवर होता. पहिल्या मालकाने लावलेलं, कुठल्याशा शर्यतीचं. चीर बरोबर त्याच्या खाली होती.

"ह्याला माझं नख लागलं होतं सर. काढून बघावं वाटलं. पर तुमची महागाची सायकल, रंग निघाला तर तुम्ही काय म्हणाल, म्हणून सोडलं." त्यांनी तुकडा पुन्हा पिशवीत ठेवला. "चूक झाली माझी."

मी खोटं बोलून गेलो होतो, आणि चूक त्या कबूल करत होत्या. तेव्हाच सगळं सांगायला हवं होतं. मी औषधाची गुंगी आल्यासारखे डोळे मिटले.

हाड दीड-दोन महिन्यांत सांधलं. सायकलचा सांगाडा भंगारात गेला. रविवारचा चहा चालू राहिला, पण मी त्या पहाटेबद्दल बोललो नाही. आणि या उन्हाळ्यात वंदना आईला कायमचं नांदेडला न्यायला आली. मावशींचे गुडघे दुखत होते, एकटं राहणं होईना. बसस्टँडवर मी त्यांच्या हत्यारांची पेटी बसमध्ये चढवली. वंदना पाण्याची बाटली आणायला गेली तेव्हा त्या खिडकीतून म्हणाल्या, "सर, एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी मी जागीच होते."

मी खिडकीजवळ सरकलो.

"तुम्ही चपला हातात घेऊन गेलात. मी दारापाशी आले होते. कडीला हात लावला आन् तशीच उभी राहिले. शिकलेले-सवरलेले सर, त्यांना आपण कसं अडवायचं? मोठ्या माणसाला अडवायची आमाला सवयच न्हाई." त्या खाली बघत होत्या. "स्टिकरचं सांगितलं तुम्हाला. हे सांगायला जीभ उचलली न्हाई. लई दिवस मनात हाय."

"मावशी, मी तुमच्याशी खोटं बोललो होतो. ते मीच आधी सांगायला हवं होतं."

"ते मला तवाच कळलं होतं," त्या म्हणाल्या. "माझं तुम्हाला ठाऊक नव्हतं, म्हणून सांगितलं."

वंदना आली, बस हलली.

नांदेडलाही त्यांनी काम सुरू केलं आहे. गेल्या महिन्यात फोन केला तेव्हा सांगत होत्या, एका मोठ्या दुकानाच्या मालकीणबाईंनी दुरुस्तीला विजेच्या मोटारीवरचं शिलाई मशीन आणलं होतं. मोटारीच्या वायरमधून कुठंतरी झटका बसत होता, आणि बाईंना शाळेच्या गणवेशांची घाई होती. आहे तसं द्या म्हणून अडून बसल्या. त्यांचा ड्रायव्हर मशीन उचलायलाही लागला.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. लई बोलल्या मला. बोलू दिलं," मावशी म्हणाल्या. "आन् दारात आडवी उभी राहिले."